जानेवारीत पास, मे महिन्यात नापास

लग्न होऊन वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या घरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं, "जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही हं." जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. मी रसायनशास्त्रात एमेस्सी, मनातल्या मनात हसले. पुढे पोटापाण्याचा धंदा नेमका तोच निघाला. ताकाच्या जागी हायड्रोक्लोरिक ॲसिड, एवढाच फरक.

सोळा वर्षांपूर्वी भावजी आणि मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अर्धी शेड भाड्यानं घेतली. भावजींकडे गिऱ्हाईक, माझ्याकडे बीकर आणि तराजू. सुरुवातीला आम्ही लोखंडासाठीचं इन्हिबिटर विकायचो. पाइपातला क्षार काढताना ॲसिडमध्ये घालायचं, म्हणजे क्षार जातो आणि लोखंड वाचतं. त्यात मुख्य माल हेक्सामीन. काही जण तेच ॲल्युमिनियमच्या कूलरला वापरायचे आणि जाळ्या चाळणी करून घ्यायचे. मग ॲल्युमिनियमसाठी वेगळं औषध करायचं ठरलं.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. पीएच साधारण ४ ते ८.५ असेपर्यंत तो टिकतो. कडक ॲसिडमध्ये तो गेला, की खालचा धातू हायड्रोजन सोडत विरघळायला लागतो. एक ग्रॅम धातू गेला तर सव्वा लिटरच्या आसपास वायू. त्यामुळे बुडबुडे बघूनच निम्मं निदान होतं. इन्हिबिटरमधले नायट्रोजन किंवा गंधक असलेले रेणू धातूला चिकटून बसतात आणि ॲसिडला जागा देत नाहीत. आमच्या मिश्रणात नक्की काय आहे ते सांगत नाही, भावजी रागावतील.

पहिलं मिश्रण जानेवारीत जमलं. पत्र्याचे छोटे तुकडे, म्हणजे कूपन, वजन करून ॲसिडमध्ये सोडायचे, तासानं काढायचे, धुवायचे, पुन्हा वजन. इन्हिबिटर घातलेल्या ॲसिडमध्ये झीज ९५ टक्के कमी. त्या दिवशी शेडवर पेढे आले.

मे महिन्यात एका कारखान्यातून फोन आला, "बेन, टाकी उकळतेय!" जाऊन बघितलं तर पत्र्याच्या छपराखाली टाकी, वर फेस, आणि बाहेर काढलेले ओतीव भाग काजळी फासल्यासारखे काळे. ॲल्युमिनियम गेलं आणि मिश्रधातूतलं सिलिकॉन तेवढं मागे उरलं होतं. सगळ्या मालाची भरपाई आम्ही दिली. त्या वर्षी दिवाळी कशी गेली ते विचारू नका.

चूक माझीच. खोलीत २५ अंश असताना तपासलेलं औषध मी ४२ अंशांच्या उन्हाळ्यात पाठवलं. आमचे रेणू धातूला सैल चिकटणारे होते, ऊब वाढली की सुटायचे. शिवाय धातू विरघळताना स्वतःच उष्णता सोडतो, त्यानं टाकी आणखी तापते, आणि तापली की धातू आणखी वेगानं जातो. बीकरमध्ये हे कळत नाही, कारण एवढासा तुकडा काय ऊब देणार!

तेव्हापासून प्रत्येक बॅच ३०, ४० आणि ५० अंशांना तपासतो. टक्क्यांवर माझा विश्वास उरला नाही. साधा हिशोब बघा. इन्हिबिटर नसताना थंडीत तासाला एक ग्रॅम जात असेल, तर ९५ टक्के बचतीत ५० मिलिग्रॅम जातं. उन्हाळ्यात तेच पाच ग्रॅम जात असेल, तर त्याच ९५ टक्क्यांत २५० मिलिग्रॅम! म्हणून आमच्या कॅनवर टक्के नसतात. किती अंशांपर्यंत, किती मिनिटं, एवढंच असतं. यामुळे गिऱ्हाईकं गेली, हे कबूल करते. शेजारचा ९९ टक्के छापतो, तिथं आमची वीस मिनिटं फिकी दिसतात.

मध्यंतरी मेंदीच्या पानांचा अर्कही करून पाहिला. कूपनवर निकाल सुरेख, पण महिनाभरात कॅनमध्ये बुरशी. थायोयुरिया हे गंधक असलेलं इन्हिबिटर मात्र आम्ही कायमचं बंद केलं. कॅन्सरचा संशय असलेला पदार्थ रोज हाताळायला शेडवरच्या कामगारांना सांगणं मला पटेना.

तो मे महिन्यातला कारखाना दोन वर्षांनी परत आला. आता त्यांची ऑर्डर आली की भावजी आधी विचारतात, "टाकी हलवलीत का सावलीत?" उत्तर अजून "हो, करू" असंच येतं, म्हणून त्यांच्या कॅनवर आम्ही पाच मिनिटं कमीच लिहितो.