तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरमध्ये स्वतःची प्रॉपर्टी का नको?

लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहायला लागलेले लोक मला हमखास विचारतात, "चिप आमची, ड्रायव्हर आमचा, मग डिव्हाइस ट्रीमधली प्रॉपर्टी आमच्या मनासारखी का नको? रिव्ह्यूत दरवेळी 'जेनेरिक वापरा' असंच का?" (डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कसं जोडलंय हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारं वर्णन. प्रॉपर्टी ही त्यातली नाव दिलेली एकेक नोंद, आणि जेनेरिक म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांसाठी सामाईक.)

एका टचस्क्रीनमुळे माझं मत पक्कं झालं. पॅनेल आडवं बसवलं होतं, म्हणून एक्स आणि वाय यांची अदलाबदल करायची होती आणि एक अक्ष उलटा करायचा होता. त्यासाठी मी दोन नव्या प्रॉपर्टी घातल्या. ड्रायव्हर आधी अदलाबदल करायचा, मग उलटवायचा. चाललं. पुढे त्याच बोर्डावर दुसऱ्या चिपचं पॅनेल आलं. तिचा ड्रायव्हर कर्नलमधल्या 'टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-एक्स' आणि 'टचस्क्रीन-स्वॅप्ड-एक्स-वाय' याच प्रॉपर्टी वाचत होता. मी माझ्या सेटिंगचं सरळ भाषांतर केलं, तर बोट वर नेलं की खूण खाली, उजवीकडे नेलं की डावीकडे. कारण सगळ्या ड्रायव्हरांच्या सामाईक फंक्शनमध्ये क्रम ठरलेला आहे: आधी उलटवणं, मग अदलाबदल. माझ्या प्रॉपर्टीचा अर्थ फक्त माझ्या कोडमध्ये होता. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसलो होतो.

जेनेरिक प्रॉपर्टी घेतली की नावासोबत हा ठरलेला अर्थ, त्याचं एकक आणि अनेकांनी वापरून घासलेला कोडही मिळतो. पिनने किती करंट द्यायचा हे सांगणाऱ्या 'ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ'मध्ये मिलिअँपिअर लिहायचे, चिपच्या रजिस्टरमधले बिट नाहीत. त्यावरून बिट ठरवणं ड्रायव्हरचं काम. बोर्ड बनवणाऱ्याला डेटाशीट उघडायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि एकदा आत गेलेलं नाव सहज बाहेर येत नाही. बोर्डाबरोबर गेलेला जुना डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) नव्या कर्नलवरही चालला पाहिजे, असा आग्रह असतो. डिव्हाइसने झोपलेली सिस्टिम उठवावी, यासाठी पूर्वी वेगवेगळी नावं होती. आता 'वेकअप-सोर्स' हे एकच नाव ठरलंय, तरी बटणांचा 'जीपीआयओ-कीज' ड्रायव्हर त्याचं जुनं नावही वाचतो, कोडमध्ये 'लेगसी' अशी टीप लावून. तुमची आजची सोय उद्या कुणीतरी असाच सांभाळत बसेल.

खरोखरच त्या चिपपुरतं काही असेल, समजा तिच्या आतल्या फिल्टरची एखादी विचित्र पायरी, तर मी अडवत नाही. उलट म्हणतो, कंपनीचा प्रिफिक्स आणि स्वल्पविराम लावून प्रॉपर्टी लिहा, वेळ मायक्रोसेकंदांत असेल तर नावाच्या शेवटी 'यूएस' येऊ द्या आणि बाइंडिंगच्या (प्रॉपर्टींचे नियम नोंदवणाऱ्या) फाइलमध्ये किमान व कमाल किंमत नोंदवा. फक्त त्याआधी बाइंडिंगच्या फोल्डरमध्ये अर्धा तास शोधा. मी तेव्हा शोधलं नव्हतं.