ड्रीख

एडिनबरातला माझा पहिला नोव्हेंबर. बसस्टॉपवर शेजारच्या आजोबांनी आभाळाकडे बघितलं आणि एकच शब्द टाकला, 'ड्रीख!' यातला ख घशातून खरवडून काढायचा. इंग्लंडकडचे लोक 'ड्रीक' म्हणून मोकळे होतात. उर्दूतलं 'खबर' कानावरून गेलेल्या आपल्याला तो जमतो.

मी मनात अर्थ लावला, कुंद हवा. पुढे ऑफिसात एक बाई तीन तासांच्या मीटिंगला ड्रीख म्हणाल्या, तेव्हा कोश उघडला.

शब्द स्कॉट्स या स्कॉटलंडच्या भाषेतला. ती इंग्रजीची सख्खी बहीण, बिघडलेली इंग्रजी नव्हे. (2011च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी ती येते असं नोंदवलंय.) तिच्यातल्या या शब्दाचं मूळ जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'द्र्यूगर'शी जोडतात. अर्थ, टिकणारं, पुरून उरणारं. म्हणजे ओलाव्याशी संबंधच नाही! स्वीडिशमध्ये त्याचाच भाऊबंद 'द्र्यूग'. थोडासा साबण बरेच दिवस पुरला तर तो द्र्यूग. आपण पुरवठ्याला येतो म्हणतो ना, तसं. तिकडे ही स्तुती, आणि स्कॉटलंडात येईपर्यंत त्याच टिकाऊपणाचा लोकांना वैताग आलेला. चर्चमधलं संपता न संपणारं प्रवचन ड्रीख, उधारी फेडायला चालढकल करणारा माणूसही ड्रीख. हवेला हा शब्द नंतर चिकटला, आणि असा चिकटला की आता आधी हवाच आठवते.

मला तरी हे पटलं. एडिनबरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ पुण्याइतकाच. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून जातो. धो धो कोसळतो, रस्ते तुंबवतो, आपण भजी तळतो, संपलं. इथला तेवढाच पाऊस बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. छत्री उघडावी इतका नाही, मिटावी इतका कमीही नाही. शिवाय वारा ती उलटी करतोच. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तो उगवला होता का हाच प्रश्न असतो.

परवा आईचा फोन आला. पाऊस आहे का, विचारलं. म्हटलं, सकाळपासून नुसती पिरपिर चाललीय.

"पावसाची का तुझी?"