हो पण...

खेळावरचं कुठलंही भांडण घ्या, कोण जास्त ग्रेट टाइपचं, त्यात दोन शब्द असतातच. हो पण. समोरच्याने काहीही सांगू दे, त्याच्या माणसाच्या नावावर पन्नास सेंच्युऱ्या असू देत नाहीतर पाच कप, आपण आधी मान हलवायची, सेकंदभर थांबायचं आणि मग म्हणायचं, हो पण फायनलला काय केलं? किंवा हो पण बोलिंग कुणाची होती, हो पण पिच कसं होतं, हो पण तेव्हा फिल्डिंग कसली ढिसाळ असायची. मी हे रात्री साडेअकरा वाजता, दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असताना, ग्रुपवर अंगठा दुखेपर्यंत केलेलं आहे आणि आजपर्यंत एकाचंही मत बदललेलं नाही. माझं तर नाहीच नाही.

आता १९९९ ची चेन्नईची मॅच. सचिनने पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात पाठ दुखत असताना १३६ मारले, २७१ पाहिजे होते, तो आउट झाला तेव्हा १७ राहिले होते, आणि पुढच्या तीन विकेट चार रनांत गेल्या. बारा रननी हरलो. आता ह्या एकाच इनिंगवर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते ह्यापेक्षा मोठी इनिंग दाखव. दुसरी म्हणते हो पण संपवून का नाही आला. बरं दोन्हीकडे आकडे तेच, मॅच तीच, माणूस तोच! मी स्वतः पहिल्या पार्टीतला, आणि दुसऱ्या पार्टीवाल्यांना उरलेल्या तिघांबद्दल काहीच कसं म्हणायचं नसतं हे मला पंचवीस वर्षं झाली तरी कळलेलं नाहीये. असो. हा विषय काढला की मी वाहवत जातो.

हे सगळं माझ्या घरात माझ्या आधीपासून चालू आहे. बाबा गावसकरवाले आणि मामा विश्वनाथवाला. बाबांची बाजू तशी सोपी, १२५ टेस्ट, १०,१२२ रन, ३४ सेंच्युऱ्या, समोर वेस्ट इंडीजचे ते बोलर. संपलं, ह्याच्यापुढे बोलायचं काय? विश्वनाथचे ६,०८० आणि सेंच्युऱ्या १४. कागदावर तुलनाच नाही. पण मामा कागदावर येतच नाही ना. मामा येतो तो ९७ वर. १९७५ चा जानेवारी, चेन्नई, वेस्ट इंडीजच्या अँडी रॉबर्ट्सने एका डावात सात विकेट घेतल्या, भारताचे सगळे मिळून १९०, त्यातले ९७ एकट्या विशीचे, म्हणजे विश्वनाथचे, नॉटआउट. सेंच्युरी नाही! हे मामा इतक्या अभिमानाने सांगतो की जणू तीन रन कमी पडले ही एक्स्ट्रा क्वालिटी आहे. आणि मग त्याचं ठेवणीतलं वाक्य, विशीने सेंच्युरी मारली ती एकही टेस्ट भारत हरलेला नाही, बघ तुझ्या त्या चौतीसमधल्या किती हरल्या ते. इथे बाबा हो पण म्हणतात.

गंमत अशी की ज्यांच्यावरून हे दोघं चाळीस-पन्नास वर्षं भांडतायत ते दोघं कधीच भांडले नाहीत. विश्वनाथचं लग्न गावसकरच्या बहिणीशी झालं. गावसकरने मुलाचं नाव ठेवताना आपल्या तीन आवडत्या खेळाडूंची नावं घातली, कन्हायवरून रोहन, आणि पुढे जयसिंहा आणि विश्वनाथ एकत्र करून जयविश्व. म्हणजे गावसकर स्वतः विश्वनाथचा फॅन! हे मला कळलं तेव्हा मी धावत जाऊन बाबांना सांगितलं, आता तरी मिटेल म्हणून. तर मामा म्हणाला, बघ, त्यालाही कळत होतं. आणि बाबा म्हणाले, बघ, किती मोठ्या मनाचा माणूस.

आवडता खेळाडू आपण निवडतो कधी हा एक प्रश्नच आहे. मला वाटतं निवडतच नाही, दहा-बारा वर्षांचं असताना कधीतरी टीव्ही चालू असतो, कुणीतरी एक शॉट मारतो आणि आत कुठेतरी शिक्का बसतो. कारणं सगळी नंतर गोळा होतात. अ‍ॅव्हरेज, परदेशातले रन, चौथ्या डावातले रन, हे सगळं आपण वकील लावल्यासारखं नंतर जमवतो, निकाल आधीच लागलेला असतो. माझा शिक्का द्रविडचा बसला. का ते मला विचारू नका, मी तुम्हाला पाऊण तास सांगेन आणि त्यातलं एकही खरं कारण नसेल.

टीमचं मात्र वेगळं असतं. टीम तुम्ही राहता तिथली. तिच्यात कोण आहे, ती बरी खेळते का, हे कुणी विचारत नाही, जन्माला आलात की गळ्यात. ज्यांच्या गावाला टीम असते त्यांना ह्यात काही विशेष वाटत नाही. पण आमच्यासारखे असतात ना, ज्यांच्या गावाचं नाव कुठल्याच टीमवर नाही, त्यांची पंचाईत होते. मग आम्ही खेळाडूच्या मागे मागे टीममध्ये जातो. द्रविड बेंगळुरूला म्हणून २००८ ला आयपीएलमध्ये मी बेंगळुरूचा झालो. गाव माझं नाही, भाषा येत नाही, पण झेंडा लाल. तीन सीझन जीव टाकला. आणि २०११ च्या लिलावात द्रविड राजस्थानला गेला, आणि खोटं कशाला बोलू, मला एक दिवससुद्धा लागला नाही. सकाळी लाल, संध्याकाळी निळा.

माझा एक मित्र आहे, पक्का बेंगळुरूचा, जन्म तिथला. त्याने फक्त एवढं विचारलं, अरे तीन वर्षं तू नक्की कुणासाठी ओरडत होतास? मी म्हटलं द्रविडसाठी. तो म्हणाला मग टीमचा शर्ट परत दे. अर्धी मस्करी होती. पण अर्धीच. नंतर विचार करताना मला वाटलं की खरंच आहे, मी भाडेकरू होतो. भाडेकरूही घर छान ठेवतो, भिंतीला खिळे मारताना विचार करतो, पण सामान बांधायला त्याला एक टेम्पो पुरतो.

खरी परीक्षा असते ती आपला माणूस आपल्या टीमविरुद्ध उतरतो तेव्हा. बाकी सगळं सोपं. ह्याचं माझ्या आठवणीतलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ५ मे २०१२, ईडन गार्डन्स. गांगुलीला कोलकात्याने आधीच सोडलेलं, २०११ च्या लिलावात सुरुवातीला त्याला कुणी घेतलंसुद्धा नाही, मग तो पुण्याच्या टीममध्ये आला आणि आता त्या टीमचा कॅप्टन म्हणून स्वतःच्या घरच्या ग्राउंडवर स्वतःच्या शहराच्या टीमविरुद्ध. मी टीव्हीवर बघत होतो. स्टेडियमला कळत नव्हतं आज कुठल्या बाजूने ओरडायचं, कोलकात्याने घेतलेल्या विकेटलाही आवाज आणि गांगुलीच्या रनलाही आवाज. मॅच कोलकात्याने सात रननी जिंकली. आणि त्याच महिन्यात कोलकात्याने पहिल्यांदा ट्रॉफीही जिंकली, सत्काराला तेच ईडन परत भरलं, ह्या वेळी मात्र एकाच आवाजात. मला त्या माणसाची उत्सुकता आहे जो दोन्ही दिवशी तिथे होता. त्याच्याशी बोलायला मिळालं तर मी क्रिकेटबद्दल काहीच विचारणार नाही, फक्त झोप लागली का ते विचारेन.

नेपल्सवाल्यांची परीक्षा तर ह्याहून वाईट. मॅराडोना १९८४ ला तिथे आला तोपर्यंत तिथल्या फुटबॉल क्लबने इटलीची लीग एकदाही जिंकलेली नव्हती, त्याने १९८७ आणि १९९० अशी दोनदा जिंकून दिली, त्यामुळे तिथे तो खेळाडू वगैरे नव्हताच, घरातला होता. आणि १९९० च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल लागली इटली विरुद्ध अर्जेंटिना. कुठे? नेपल्समध्येच! मॅराडोनाने आधी काडी टाकून ठेवली, की बाकी इटली तुम्हाला वर्षाचे ३६४ दिवस परकं समजते आणि आज बरी आठवण आली तुमची. आता अशा वेळी माणसाने करायचं काय? प्रेक्षकांत एक बॅनर होता, मॅराडोना, नेपल्सचं तुझ्यावर प्रेम आहे, पण इटली आमचा देश आहे, अशा अर्थाचा. म्हणजे तिथेही हो पणच. मॅच १-१, पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली, त्यातली एक पेनल्टी मॅराडोनाने मारली. क्लबने पुढे त्याच्या दहा नंबरचा शर्ट कायमचा बाजूला काढला आणि तो २०२० मध्ये गेल्यावर स्टेडियमलाच त्याचं नाव दिलं. म्हणजे नेपल्सने हिशोब शेवटी आपल्या पद्धतीने मिटवला.

सगळेच काही इतके समजूतदार नसतात. फुटबॉलर फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून थेट त्यांच्या कट्टर वैऱ्याकडे, रियल माद्रिदला गेला, आणि दोन वर्षांनी बार्सिलोनात खेळायला आला तेव्हा तो कॉर्नर घेत असताना लोकांनी काय काय फेकलं, त्यात डुकराचं मुंडकं पण होतं. आता नीट बघितलं तर माणसाने नोकरी बदलली. आपण सगळे बदलतो, पगार वाढला की बदलतो, आणि जुन्या ऑफिससमोरून गेलं तर फार तर वॉचमन हसतो. खेळाडूने बदलली की मात्र आपल्याला घरातलं कुणीतरी पळून गेल्यासारखं होतं. (मी हे फार शहाण्यासारखं लिहितोय खरा, पण द्रविड गेला तेव्हा त्याला जाऊ देणाऱ्या टीमला मी काय काय बोललोय ते इथे लिहिता येणार नाही.)

आणि समजा खेळाडू राहिला पण टीमच गेली तर? हे आपल्याला विचित्र वाटतं, पण अमेरिकेत १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरची अमेरिकन फुटबॉलची टीम एका रात्रीत सामान ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेली. सकाळी शहर उठलं तर टीम नाही. ह्यातला मला आवडलेला भाग पुढचा आहे. टीमचा एक बँड होता, मॅचच्या दिवशी वाजवणारा, त्याचे युनिफॉर्म धुवायला गेले होते म्हणून ते ट्रकमध्ये गेले नाहीत. तर त्या लोकांनी बँड बंदच केला नाही. टीम नाही, ग्राउंडवर मॅच नाही, आणि बँड चालूच. १९९६ ला शहराला त्याच लीगमधली नवी टीम मिळेपर्यंत तब्बल बारा वर्षं. इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या फुटबॉल क्लबचंही तसंच, २००२ मध्ये क्लबला दुसऱ्या शहरात जायला परवानगी मिळाली तर फॅन लोकांनी सरळ स्वतःचा नवीन क्लब काढला, मोकळ्या मैदानात या रे कुणाला खेळायचंय म्हणून ट्रायल घेतली, अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत वर प्रोफेशनल लीगमध्ये आले. मी असलं काही वाचलं की मला तो शर्ट परत मागणारा मित्र आठवतो.

त्याने काय केलं सांगू का? काहीच नाही. तो तिथेच राहिला. टीम फायनलला जाऊन हरायची, कधी तळाला असायची, कधी एका डावात ४९ वर ऑलआउट, दरवर्षी लोक जोक करायचे, मीही केले, आणि दरवर्षी हा म्हणायचा ह्या वेळी येणार. अठरा सीझन. ३ जून २०२५ ला फायनलमध्ये पंजाबला सहा रननी हरवून बेंगळुरू जिंकलं तेव्हा मी त्याला फोन केला. कोहलीच्या डोळ्यांत पाणी टीव्हीवर दिसत होतं, इकडे फोनवर हा नुसताच श्वास घेतोय. मी म्हटलं अभिनंदन रे. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, तू असायला पाहिजे होतास. आता ह्यावर काय बोलणार, माझ्याकडे तेवढ्यापुरता एकही हो पण नव्हता. मला खरं म्हणजे हेवा वाटला. तीन वर्षं माझीही होती ना ह्यात? पण तीन वर्षांचं भाडं भरलं म्हणून घर विकलं तेव्हा कुणी आपल्याला बोलवत नाही.

परवा घरी सगळे जमले होते आणि माझ्या मावसभावाने, वय वर्षं एकोणीस, मोबाइलवर काहीतरी बघून मोठ्याने हसत सांगितलं की १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये गावसकर साठ ओव्हर खेळून ३६ नॉटआउट होता, १७४ बॉल, आणि असला माणूस आजच्या कुठल्याच टीममध्ये बसला नसता. मी बाबांकडे बघितलं. पण बाबांनी तोंड उघडायच्या आत मामा उठून बसला. एक इनिंग धरून बसलास का, म्हणाला, १९७१ ला पोरगा पहिल्यांदा वेस्ट इंडीजला गेला आणि चार टेस्टमध्ये ७७४ मारले, डोक्यावर हेल्मेट नाही, तुला माहितीये का एकशे चोपन्नचं अ‍ॅव्हरेज म्हणजे काय असतं ते? दहा मिनिटं बोलत होता, सगळे आकडे तोंडपाठ, बाबांनासुद्धा जे आठवले नसते तेही. मावसभाऊ गप्प. बाबा शांतपणे ऐकत होते, मामाचं झाल्यावर चष्मा पुसला, आणि म्हणाले,

"हो पण, ते सत्त्याण्णव..."