शाळेच्या वर उभी मुलं

व्हँकुव्हरला गेलात की ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय बघाच, असं जो तो सांगतो. बघा की. पण माझा जास्त वेळ गेला तो बाहेर, उघड्यावरच्या एका खांबापाशी. तिथे तिकीटही नाही. मेन मॉल म्हणजे विद्यापीठातला मुख्य पादचारी रस्ता; त्याच्या दक्षिण टोकाकडे चालत गेलं की हा 'रिकन्सिलिएशन पोल', म्हणजे समेटाचा खांब, दिसतो. साधारण 17 मीटर उंच, 800 वर्षं वयाच्या लाल सीडरमधून कोरलेला. हायडा या मूलनिवासी समाजातले शिल्पकार जेम्स हार्ट यांचं हे काम.

खांब खालून वर बघत जायचा. तळाशी सामन मासे, मग पिल्लांना धरलेली अस्वलमाता, डोमकावळा. हे निवासी शाळांच्या आधीचं जग. मधोमध तशी एक शाळा, कोक्वालीत्झा नावाची. हार्ट यांचे आजोबा तिथे विद्यार्थी होते. शंभराहून जास्त वर्षं कॅनडा सरकार आणि चर्च यांनी मिळून सुमारे 1,50,000 आदिवासी मुलं अशा निवासी शाळांत घातली. घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. खांबावर शाळेच्या वर ती मुलं एकमेकांना धरून उभी आहेत. अंगावर गणवेश आणि नंबर. शाळेत त्यांची ओळख म्हणजे तो नंबर.

जवळ गेलं की लाकडात ठोकलेले तांब्याचे खिळे दिसतात. हजारो. एक खिळा म्हणजे शाळेत दगावलेलं एक मूल. शाळांतून वाचलेली माणसं, त्यांचे नातलग, आजची शाळकरी पोरं, सगळ्यांनी मिळून ते ठोकले. नुसत्या कसबी कारागिरांनी काम उरकलं असतं तर खांब देखणा झाला असता, बस्स.

सगळ्यात वर गरुड, त्याच्या खाली शेजारी-शेजारी चाललेल्या दोन होड्या: एक मूलनिवासींची, एक बाकीच्या कॅनडाची. हे जरा घाईचं वाटलं मला. पण त्यांच्याही खाली मानाच्या पारंपरिक पोशाखातलं कुटुंब आहे, आई-बाप आणि मुलं एकत्र. ते पटलं.

1 एप्रिल 2017 रोजी शेकडो लोकांनी दोर ओढून हा खांब उभा केला. 1885 ते 1951 या काळात पॉटलॅचवर, म्हणजे खांब उभारण्यासारख्या प्रसंगी होणाऱ्या दानसमारंभावर, कायद्यानं बंदी होती. ज्या रीती मुलांच्या डोक्यातून काढायला शाळा काढल्या, त्याच रीतीनं त्या शाळेचा खांब भर विद्यापीठात चढवला!

जाणार असाल तर 99 नंबरची बस शेवटच्या थांब्यापर्यंत घ्या. संग्रहालय उलट्या दिशेला आहे, तेव्हा आधी खांब करा.