रुमाल टाकायची सोय नाही

“तिकीट काढलंस ना? मग जागेचे वेगळे पैसे कसले?”

बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहून लॅपटॉपमध्ये डोकावत होते. जर्मनीतल्या न्युर्नबर्ग ते कोलोन रेल्वेचं तिकीट, तीन माणसं, आणि त्याखाली प्रश्न: जागा राखून ठेवायची आहे का? माणशी 5 युरो 50 सेंट. बाबांनी मनातल्या मनात शंभराने गुणलं. तिघांचे साधारण साडेसोळाशे रुपये, तेही नुसतं बूड टेकायचे.

“आणि नाही दिले तर?”

“रिकामी जागा दिसेल तिथे बसायचं. नाहीतर उभं राहायचं.”

“कोलोनपर्यंत?”

“कोलोनपर्यंत.”

बाबांना हे पटणं अवघडच होतं. त्यांनी वीसेक वर्षं पुणे-मुंबई पासावर काढली आहेत. डेक्कन क्वीनचा पासधारकांचा डबा, कोण कुठे बसतो, कोणाची जागा कोण धरतो, हे सगळं त्यांना पाठ. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. जागा म्हणजे काहीतरी झटापट करून मिळवायची गोष्ट, किंवा मग रीतसर रिझर्वेशन करून तिकिटावर छापून आलेली गोष्ट. तिकीट खिशात आहे, पूर्ण पैसे भरलेत, आणि तरी जागा आपली नाही, हा प्रकार दोन्हीकडे बसत नाही.

जर्मनीत मात्र लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट म्हणजे फक्त प्रवासाचा हक्क. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, चार्ट लागणं नाही. जागा भरल्या तरी तिकिटं विकली जातात. मंगळवारी सकाळी अख्खा डबा रिकामा असतो आणि शुक्रवारी दुपारी दारापाशी बॅगांवर बसलेली माणसं ओलांडत जावं लागतं. मी एकटी असले की हे पैसे वाचवते. आई-बाबांना घेऊन मात्र वाचवू नका, कोणीही. पूर्वी इथे कुटुंबासाठी एकत्र, स्वस्तातलं आरक्षण मिळायचं. जून 2025 पासून ते बंद झालं आणि प्रत्येक डोक्याचे वेगळे पैसे पडायला लागले.

तर पैसे भरले. आता जागा निवडायची. इथे आईची अट आली. गाडी जिकडे चालली आहे तिकडे तोंड हवं. उलटं बसलं की तिला मळमळतं. प्रवासाला निघताना पर्समध्ये पासपोर्टच्या आधी आलेपाक जातो.

इथल्या गाड्यांमध्ये साधारण निम्म्या खुर्च्या एकीकडे तोंड करून असतात आणि निम्म्या दुसरीकडे. त्या फिरत नाहीत. आपल्या वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्यात खुर्ची गर्रकन फिरवता येते, तशी चैन इथे नाही. पडद्यावरच्या नकाशात जागा आपण निवडू शकतो, पण दिशेची हमी कोणी देत नाही. मी मात्र जय्यत तयारीत होते. आधीच्या महिन्यात त्याच मार्गाने गेले होते तेव्हा कुठल्या नंबरच्या खुर्च्या पुढे तोंड करून आहेत ते फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. त्यातल्या एकापाठोपाठच्या जागा घेतल्या. खिडकीची बाबांना. आईला त्यांच्या शेजारी. मी मागे.

न्युर्नबर्गच्या फलाटावर बाबांनी विचारलं, डबा कुठे लागतो? फलाटावर अ, ब, क असे विभाग लिहिलेले असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते पाटीवर नि ॲपमध्ये दिसतं. कधी कधी ऐन वेळी घोषणा होते की आज डब्यांचा क्रम उलटा आहे. मग अख्खा फलाट इकडून तिकडे चालू लागतो, एरवी रांगेत दीड हात अंतर ठेवणारी माणसंही. त्या दिवशी तसं काही झालं नाही. तरीही गाडी दिसताच बाबांनी बॅग उचलली, कोपर बाहेर काढलं आणि पवित्रा घेतला. “बाबा, जागा आपलीच आहे,” मी म्हटलं. “असू दे. चढायला काय जातंय लवकर?”

प्रत्येक खुर्चीपाशी छोटी पट्टी असते, तिच्यावर कुठून कुठपर्यंत जागा राखलेली आहे ते येतं. पट्टी कोरी असेल तर खुशाल बसा. आमच्या जागेवर एक मुलगा बसला होता. मी नंबर दाखवला, तो ‘एंटशुल्डिगुंग’, म्हणजे माफ करा, म्हणत लगेच उठून गेला. वाद नाही, ‘जरा सरकून घ्या’ नाही. बाबांना थोडं चुकल्यासारखं वाटलं. तोंडाशी आलेलं भांडण वाया गेलं म्हणा ना. पण एक लक्षात ठेवा: गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत तुम्ही जागेवर गेला नाहीत, तर त्या जागेवरचा हक्क जातो. आधी कॉफी घेऊन येऊ, मग बसू, असं करायचं नाही.

बसलो. गाडी सुटली. आईचं तोंड पुढे. बाबांना खिडकी. मी स्वतःवर खूश. बाबांनी आत्याला व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर, आणि खिडकीबाहेरचं शेत दाखवत “हे बघ, बव्हेरिया!” असं खास आपल्या सुरात सांगितलं. समोरच्या आजींनी काही न बोलता खिडकीवरच्या स्टिकरकडे बोट केलं. ओठांवर बोट ठेवलेलं चित्र. आम्ही शांततेच्या विभागात बसलो होतो. दिशा बघण्याच्या नादात डब्यातला विभाग बघायचा मी विसरले होते. इथे फोनवाल्यांचा विभाग वेगळा, शांततावाल्यांचा वेगळा, तान्ह्या मुलांसाठी बंद दाराची खोली वेगळी. चिवड्याचा डबासुद्धा आम्ही त्यानंतर एखादा गुन्हा करावा तसा उघडला. पिशवीचा आवाज केवढा येतो ते त्या दिवशी कळलं.

वुर्झबुर्ग गेलं. निघाल्यापासून दोन तासांनी फ्रँकफुर्ट आलं आणि माझी खरी चूक उघडी पडली.

गाडी थांबली, माणसं उतरली, नवी चढली. दहाएक मिनिटांनी गाडी हलली, आणि आईने झटकन समोरच्या खुर्चीची पाठ धरली. “अगं, ही मागे का चाललीय?”

फ्रँकफुर्टचं मुख्य स्टेशन म्हणजे आपलं बोरीबंदर. रूळ तिथे संपतात. गाडीला पुढे जायचं असेल तर आली त्याच तोंडाने परत बाहेर पडावं लागतं. चालक एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि शेपूट होतं डोकं. मी मागच्या वेळी फ्रँकफुर्टलाच उतरले होते, त्यामुळे हे कधी अनुभवलंच नव्हतं. म्युनिक, श्टुटगार्ट, लायपझिग, यांची मुख्य स्टेशनंही अशीच. तिथून आरपार जाणाऱ्या गाडीत तुमची दिशा अर्ध्या वाटेत उलटते.

मी हे सगळं जर्मन शब्दांसकट समजावत होते. बाबांनी एका शब्दात संपवलं. “दौंड.”

आईला लगेच कळलं. पुण्याहून मनमाडकडे जाताना दौंडला इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे. शिर्डीला जाताना तिने ते कितीदा पाहिलं होतं. आता बाहेरून वळणमार्ग झाला आहे, पण आमच्या घरात दौंड म्हणजे अजूनही ‘गाडी उलटी होते ते स्टेशन’.

कळलं, पण मळमळ थांबली नाही. आणि नेमका पुढचाच तुकडा वाईट. फ्रँकफुर्टचा विमानतळ सोडला की कोलोनपर्यंत 2002 साली सुरू झालेला वेगवान मार्ग आहे. गाडी ताशी 300 किलोमीटरला जाते. डोंगराळ भागातून रूळ थेट वरखाली नेले आहेत, चढ 4 टक्क्यांपर्यंत, आणि बोगद्यामागून बोगदा. उजेड, अंधार, उजेड, कानात दडे, आणि हे सगळं पाठीकडे जात. आईने डोळे मिटून आलेपाकाची वडी जिभेखाली धरली.

विमानतळावर पलीकडच्या रांगेतली एक जागा रिकामी झाली होती, आता पुढे तोंड असलेली. पट्टीवर लिहिलं होतं ‘गेगेबेनेनफाल्स फ्रायगेबेन’. म्हणजे वेळ पडल्यास जागा सोडावी; आयत्या वेळी कोणी ती राखून ठेवू शकतो. आईला तिथे बसवलं. ती बसली, पण पर्स मांडीवर, चपला पायात घट्ट, टेकून बसलीच नाही. प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे बघून अर्धी उठायची. कोणी आलं नाही. कोलोनला उतरल्यावर चर्चचे 157 मीटर उंचीचे जुळे मनोरे समोर उभे होते आणि आई म्हणाली, “आधी कुठेतरी हक्काचं बसू.”

परतताना मी शहाणी झाले होते. वेगवान मार्ग टाळून ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणारी सावकाश गाडी घेतली. तिथे प्रश्न दिशेचा नाही, बाजूचा. हा रूळ नदीच्या पश्चिम काठाने जातो. म्हणून कोलोनहून माइन्त्सकडे, म्हणजे दक्षिणेला जाताना डावी खिडकी. उलट जाणार असाल तर उजवी. कोब्लेंत्सनंतर डाव्या खिडकीत नदी, मालवाहू पडाव, द्राक्षमळे आणि दर वळणावर एक किल्ला. उजव्या खिडकीत भिंती आणि मागची अंगणं. कोणाच्या अंगणात किती कपडे वाळत आहेत हे बघायचं असेल तर उजवीकडे बसा. प्रसिद्ध लोरेलाय कडा, 132 मीटर उंच, पलीकडच्या काठावर आहे आणि गंमत अशी की नेमकी त्याच्या आसपास आपली गाडी बोगद्यांत शिरते. बाबांनी फोन रोखून धरला होता. त्यांच्याकडे आता बोगद्याच्या अंधारात स्वतःच्याच प्रतिबिंबाचे चार फोटो आहेत. पुढे काउबपाशी नदीच्या मधोमध उभा असलेला पांढरा किल्ला मात्र नीट मिळाला.

फ्रान्सबद्दल पुष्कळजण विचारतात. तिथल्या वेगवान तेजेवे (TGV) गाड्यांमध्ये जागा तिकिटासोबतच येते, आरक्षण सक्तीचं. दुमजली गाडी असेल तर वरच्या मजल्यावरून चांगलं दिसतं. पण जिना अरुंद असतो, आणि आई-बाबांच्या बॅगा म्हणजे कशा ते आपल्याला माहीत आहे. खालची घ्या.

दोन आठवड्यांनी आम्ही स्वित्झर्लंडला गेलो. ल्युसर्नहून इंटरलाकेनला छोट्या रुळांची गाडी जाते, ब्रुनिग खिंडीतून, जेमतेम दोन तास. आरक्षण हवं तर करा, सक्ती नाही. या वेळी मी नकाशा उघडून बोट फिरवत मार्ग तपासला. ल्युसर्नहून निघताना उजवीकडे बसायचं, सार्नेन आणि लुंगर्न ही दोन्ही तळी त्या बाजूला येतात. मग गाडी दातेरी रुळांवरून, ऊटीच्या गाडीसारखी, चढते, हजार मीटरवरची खिंड ओलांडते आणि मायरिंगेनला उतरते. मायरिंगेनला रूळ संपल्यासारखेच, गाडी तिथे उलटी होते. पुढे ब्रिएन्त्सचं तळं लागतं ते डावीकडे. पण गाडी उलटली म्हणजे आपली उजवी खिडकी आता डावी झालेली असते! खुर्ची तीच, तळं आपल्याच बाजूला. फ्रँकफुर्टला जे नडलं होतं तेच इथे फळलं.

राहिली आईची मळमळ. त्यावर उपाय मी कोलोनच्या त्या प्रवासातच पाहून ठेवला होता: समोरासमोरच्या जागा. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं, गाडी उलटली की अदलाबदल. आरक्षण करतानाही टेबलाची जागा मागितली की हेच साधतं, फक्त पाय लांब करायला समोरच्याची परवानगी लागते. आम्ही उजवीकडच्या चार जागा धरल्या. आई पुढे तोंड करून, बाबा तिच्यासमोर उलटे, दोघांना खिडकी. बाबांना उलटं बसायला आवडतं असं ते म्हणाले. गेलेलं जास्त वेळ दिसतं म्हणे.

लुंगर्नचं तळं इतकं हिरवं होतं की आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग खिंड, मग जंगलातून खाली उतार. दरी रुंद झाली, घरं दिसू लागली, गाडीचा वेग कमी झाला. स्टेशनची पाटी अजून आलीही नव्हती. आईने आलेपाकाची पुडी पर्समध्ये टाकली, चष्मा नीट केला, आणि बाबांच्या गुडघ्यावर चापट मारली.

“उठा. दौंड आलं.”