हझान रिटायर होतात म्हणजे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळातल्या, हझानकाकांच्या निरोपसमारंभाचे फोटो बघितल्यापासून ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांचा एकच प्रश्न: "हझान म्हणजे तुमचे पुजारीच ना? मग पुजारी कधी रिटायर होतो का?"

पुजारी नव्हेत. यहुदी माणसाची प्रार्थना ज्याची त्यानेच करायची असते, मध्ये कुणी लागत नाही. हझान पुढे उभे राहून चाल धरतात, बाकीचे मागून म्हणतात. पण आम्हा बेने इस्रायलांकडे, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांकडे, रब्बी (धर्मगुरू) सहसा नसतातच, त्यामुळे लग्न, सुंता, मयत, सगळं हझानांच्याच गळ्यात. नवसाचा मलिदा असला की गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांच्या ताटापुढे बसून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, गाणं म्हणायलाही तेच. कोकणात आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली'. हिब्रू विसरले होते, 'शेमा' ही देव एकच असल्याची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती. मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग झालं १७९६ मध्ये, आणि पुढे कोचीनच्या यहुद्यांनी येऊन प्रार्थना शिकवल्या. तेव्हापासून हे ज्ञान टिकलं ते हझानांच्या गळ्यावर.

समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि जो तो काकांच्या आवाजाबद्दल बोलला. आवाज गोड आहेच, पण मला विचाराल तर ती त्यांची सगळ्यात छोटी गोष्ट. सेफेर तोरा म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, तोरेची, चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तिच्यात ना स्वरचिन्हं, ना सुरांच्या खुणा. दर शनिवारचा भाग आधी घोकून ठेवायचा. एखादा शब्द चुकला की बाकांवरून चारजण मोठ्याने दुरुस्त करतात आणि तो परत वाचावा लागतो. हे वर्षानुवर्षं, तेही कुणी कौतुक न करता.

शिवाय मिन्यान. दहा पुरुष असल्याशिवाय तोरा उघडत नाही. (आम्ही बायका वरच्या गॅलरीत कितीही असलो तरी मोजणीत नाही. त्यावर माझं मत वेगळं आहे, पण तो विषय आज नको.) निम्मी मंडळी इस्रायलला गेलेली, तेव्हा काका शुक्रवारी दुपारीच फोनला बसायचे. "उद्या येतोयस ना रे? नऊच झालेत." आजारी माणसालाही सोडायचे नाहीत. ही चिकाटी भाषणात कुणाला सुचली नाही.

तोरेसमोर बोलावतात ते हिब्रू नावाने, अमुक बेन तमुक, वडिलांच्या नावासकट. काकांना सगळ्यांची पाठ. जे गेले त्यांचीही, त्यांच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेसाठी. मानाचं म्हणून त्या शनिवारी खुद्द काकांना बोलवायचं ठरलं. हाक मारणारा तरुण त्यांच्या नावापर्यंत आला, 'बेन' म्हणाला आणि थांबला. वडिलांचं नाव त्याला माहीत नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर कुणालाच माहीत नव्हतं, काकांचा मुलगा तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला. शेवटी काकांनीच बाकावरून नाव सांगितलं आणि वर आले.

नवे हझान अजून मिळालेले नाहीत. पगार बेताचा, काम चोवीस तासांचं, कोण येणार? सध्या दोन पोरं आळीपाळीने वाचतात. काका दुसऱ्या बाकावर असतात, आणि शब्द चुकला की पहिला आवाज त्यांचाच.