घंटा, पाट आणि खडीची वाट

ग्रॅव्हल सायकलच, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणारी सायकल, न्यायची, हा हट्ट माझा होता. आल्प्स ओलांडून जाणाऱ्या 'व्हिया क्लॉडिया ऑगस्टा' या जुन्या रोमन रस्त्यावर आज सायकलमार्ग आहे आणि बरेच जण तो साध्या टूरिंग सायकलवर किंवा ई-बाईकवर करतात. पण नकाशावर या मार्गाचे बरेच तुकडे कच्चे दिसत होते. जंगलातले, नदीकाठचे, मुरूम-खडीचे. आणि मला नेमके तेच हवे होते. मी म्युनिकला राहते, माझी मैत्रीण नाशिकहून आली होती. तिच्यासाठी सायकल भाड्याने घेतली. दोघींच्या सायकलींना 42 मिमीचे ट्यूबलेस टायर, एक फ्रेम बॅग, एक सीटमागची बॅग. सहा दिवस, जर्मनीतल्या फ्युसेनपासून इटलीतल्या मेरानपर्यंत. सप्टेंबरचा दुसरा आठवडा.

हा रस्ता कोणाचा, ते आधी सांगते. इ.स.पू. 15 मध्ये रोमन सेनापती ड्रूसस सैन्य घेऊन आल्प्समध्ये शिरला, तेव्हा ही वाट आखली गेली. तिचा पक्का रस्ता केला त्याच्या मुलाने, सम्राट क्लॉडियसने, इ.स. 46-47 मध्ये. इटलीतली पो नदी आणि उत्तरेची डॅन्यूब जोडणारा रस्ता. दोन नद्यांमधला रस्ता म्हणून तो माझ्या डोक्यात बसला आणि सहाही दिवस मी त्याच्याकडे तसंच पाहिलं. कोणतं पाणी कुठे चाललंय, ते कोण वाटून घेतं आणि कोण अडवतं.

फ्युसेन सुंदर आहे. लेख नदीचं हिरवट पाणी, वर किल्ला, रंगवलेल्या भिंती. 1562 साली ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचा युरोपातला पहिला संघ याच गावात स्थापन झाला. आम्ही मात्र कॉफी पिऊन लगेच निघालो. पहिला दिवस हात बसण्यात गेला. रॉइटंच्या पुढे चढ सुरू झाला आणि संध्याकाळी लेर्मोसच्या सपाट, दलदलीच्या मैदानात पोचलो, तर समोर त्सुगश्पिट्झ. 2,962 मीटर उंचीचा, जर्मनीतला सर्वांत उंच डोंगर इथून मागच्या बाजूने, ऑस्ट्रियाच्या अंगणातून दिसतो. या मैदानात दलदलीवर ओंडके आडवे टाकून रोमन लोकांनी रस्ता नेला होता आणि उत्खननात ते ओंडके सापडले आहेत. चिखलात लाकूड एवढी शतकं टिकतं, याचं मला नवल वाटलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, विहिरीच्या तळाशी उंबराचं लाकूड घालतात ना, ते कुठे कुजतं?"

दुसऱ्या दिवशी फर्नपास. उंची 1,200 मीटरच्या थोडी वर, म्हणजे आल्प्सच्या हिशेबात काहीच नाही. पण हा घाट नदीने कोरलेला नाही. सुमारे 4,000 वर्षांपूर्वी डोंगराचा एक मोठा कडा कोसळला, दरी बुजली आणि त्या ढिगाऱ्यावर हा घाट तयार झाला. मधले खळगे पाण्याने भरून गर्द हिरवी तळी झाली. मोटारींचा रस्ता बाजूला राहतो आणि सायकलवाट पाइनच्या जंगलातून जाते. ढिगाऱ्यातलाच दगड, सुटा आणि धारदार. पुष्कळ सायकलस्वार हा तुकडा टाळून सायकली गाडीत घालून पलीकडे जातात. टाळू नका, असं मी म्हणेन. कारण याच टापूत खडकात कोरली गेलेली रोमन गाड्यांची चाकोरी आहे. आपण 'चाकोरीतलं आयुष्य' वगैरे म्हणतो, पण मूळ चाकोरी अशी डोळ्यांसमोर मी पहिल्यांदा पाहिली. दोन समांतर खाचा, मधे गवत. मी वाकून एका खाचेत हात घातला, तर मनगटापर्यंत आत गेला.

उतारावर माझा मागचा टायर कापला गेला. आतलं पांढरं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, कारंज्यासारखं पायांवर उडालं. भोकात प्लग घातला, तो निघाला. दुसरा घातला, तो बसला. मग हवा थोडी कमी ठेवून हळूहळू उतरलो. त्या वेगामुळे एक फायदा झाला: फर्नस्टाइनच्या तळ्यात तळाशी पडलेली झाडं वरून अगदी स्पष्ट दिसत होती, तिथे आम्ही अर्धा तास नुसत्या बसून राहिलो.

इम्स्ट आणि लांडेक यांच्यावर मी फार लिहिणार नाही. इन नदीच्या दरीत मोठा महामार्ग, रेल्वे, कारखाने सगळं शेजारी शेजारी आहे. सायकलवाट चांगली आहे, पण कानात सतत वाहनांचा आवाज. प्फुंड्सला मुक्काम केला तेव्हा कुठे दरी अरुंद झाली आणि आवाज फक्त नदीचा उरला.

चौथा दिवस या प्रवासाचा कणा. सकाळी वाट वाकडी करून आल्टफिन्स्टरम्युन्झ पाहिलं. इन नदी जिथे सर्वांत अरुंद होते, तिथे कड्याला चिकटून जुनं जकातनाकं बांधलं आहे आणि पुलाच्या मधोमध, थेट पाण्यात, एक बुरूज उभा. इथे टोल भरल्याशिवाय कोणी पुढे जाऊच शकत नसे. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आठवला. तो घाट आणि हा रस्ता जवळपास एकाच युगातले. सातवाहनांच्या बंदरांतून उतरलेला माल आणि रोमचा पैसा यांचा संबंध होताच. इथे थंडीत उभं राहून तो संबंध मला एकदम घरगुती वाटला.

मग स्वित्झर्लंडमधलं मार्टिना, आणि तिथून नॉर्बर्ट्सहोहंचा चढ. 11 हेअरपिन वळणं, साधारण 370 मीटर चढाई, गुळगुळीत डांबर. प्रत्येक वळणाला क्रमांकाची पाटी. आम्ही बोलत नव्हतो, आकडे मोजत होतो. वर पोचलो की पुन्हा ऑस्ट्रिया, खाली नाउडर्स, आणि तिथून सौम्य चढाने रेशेनपास व इटली. एका सकाळीत तीन देश. सीमेपेक्षा मला जास्त मोलाची वाटली ती पाणलोटाची रेघ: मागे टाकलेली इन डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जाते, आणि इथे उगम पावणारी एत्श, जिला इटालियनमध्ये आदिजे म्हणतात, ती एड्रियाटिकला. महाबळेश्वरला उभं राहून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे ऐकताना लहानपणी जे वाटायचं, तेच वाटलं.

आणि मग तलाव. सहा किलोमीटर लांब, निळा, वाऱ्याने सुरकुतलेला. काठाजवळ पाण्यातून वर आलेला एक दगडी घंटामनोरा. याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. लोक गाड्या थांबवतात, फोटो काढतात, जातात. मीही फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला आणि तसाच ठेवून दिला.

हे ग्राउन गाव. मनोरा 14व्या शतकातला. पूर्वी इथे वेगवेगळी नैसर्गिक तळी होती. वीजनिर्मितीसाठी धरण बांधून पाण्याची पातळी 22 मीटरने वाढवली आणि 1950 च्या उन्हाळ्यात तळी एक झाली, 163 घरं आणि 523 हेक्टर शेतजमीन पाण्याखाली गेली. हा प्रदेश, दक्षिण टिरोल, पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेला. माणसं जर्मन बोलणारी आणि धरणाची पातळी वाढणार असल्याची नोटीस लागली ती इटालियनमध्ये. गावाने विरोध केला, गावचा पाद्री रोमला जाऊन पोपना भेटून आला. काही उपयोग झाला नाही. घरं सुरुंग लावून पाडली. चर्चही पाडलं. मनोरा संरक्षित वास्तू होता म्हणून तेवढा ठेवला. त्यातल्या घंटा आधीच उतरवल्या होत्या. तरी हिवाळ्यात तळं गोठलं की पाण्याखालून घंटा ऐकू येतात, असं इथले लोक सांगतात.

माझ्या आजीचं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेकाठचं, जुन्या पळसदेवच्या बाजूचं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं आणि माणसं होडीने बघायला जातात. आजी एकदाही गेली नाही. "माझं अंगण पर्यटनस्थळ व्हायचं होतं होय?" असं ती म्हणायची, आणि पुढे काही बोलायची नाही. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या मागे मुळशीची माणसं उभी राहिली, तेव्हापासून आपल्याकडे ही गोष्ट इतक्या वेळा घडली आहे की ती नवी वाटत नाही. पण इथे, इतक्या दूर, अनोळखी भाषेच्या गावात ती पुन्हा समोर आली तेव्हा मला रडू आलं. मैत्रिणीने काही विचारलं नाही. तिने सायकली कठड्याला टेकवल्या आणि माझ्या शेजारी बसली.

तो मुक्काम तलावाकाठच्या नव्या ग्राउनमध्ये झाला. रात्री जेवायला पालकाचे क्न्योडल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, वर वितळलेलं लोणी. सकाळी नाश्त्याला राईचा चपटा जोडपाव. पहिला घास घेतला आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मेथी! घरमालकिणीने सुक्या पाल्याची बरणी आणून दाखवली. ब्रोटक्ले म्हणतात, म्हणजे पावात घालायचा क्लोव्हर. ती खरोखर मेथीची चुलत बहीण आहे, एकाच कुळातली. मैत्रिणीने पर्समधून मेथीची पुडी काढून त्यांना हुंगायला दिली. (तिच्याजवळ मेथीची पुडी का होती, ते विचारू नका. ती सगळीकडे नेते.)

तलाव संपला की माल्सचं पठार लागतं, आणि तिथून ग्लुर्न्सपर्यंत जो उतार आहे, त्यासाठी ही सायकल घ्यावी. पठार म्हणजे बाजूच्या दरीतून वाहून आलेल्या गाळाचा प्रचंड पंखा. वारा असा की झाडं एका बाजूला झुकलेलीच वाढतात. डांबरी मार्ग सोडून शेतांमधल्या कच्च्या वाटा धरल्या. वर मारियनबर्गचा पांढरा मठ, मागे हिमशिखरं. टायरखाली खडीचा एकसारखा आवाज, बोटं ब्रेकवर, आणि कितीतरी वेळ पॅडल मारायची गरजच नाही.

ग्लुर्न्स हे हजाराच्या आतल्या वस्तीचं शहर आहे, आणि तरीही शहरच: तट, बुरूज, तीन वेशी, सगळं शाबूत. 1499 मध्ये जवळच्या काल्वनच्या लढाईनंतर ते जाळलं गेलं. पुढे 16व्या शतकात हा तट उभा राहिला. आत एक रस्ता बुटक्या कमानींच्या ओसरीचा आहे. इतक्या बुटक्या की मीसुद्धा मान वाकवून चालले. दुपारी दोनला तिथे एकही माणूस नव्हता, फक्त एका खिडकीत वाळत घातलेल्या चादरी.

मग श्लुडर्न्स, आणि इथे माझ्या मैत्रिणीचा दिवस उजाडला.

फिन्शगाउची ही दरी उंच डोंगरांच्या आड येते, त्यामुळे पाऊस फार कमी, वर्षाला 500 मिमीच्या आसपास. आपल्या दुष्काळी तालुक्यांइतका. तरी डोळे जातील तिथवर सफरचंदांच्या बागा. यामागे आहेत 'वाल': डोंगरातल्या ओढ्यांचं, हिमनद्यांचं पाणी कड्याकडेने किलोमीटर न् किलोमीटर वळवून आणणारे पाट. काही पोकळ लाकडांतून नेलेले. प्रत्येक वालाला एक राखणदार, 'वालर'. कोणाच्या शेताला किती तास पाणी, त्याच्या पाळ्या ठरलेल्या. मैत्रीण साक्री तालुक्यातली, पांझरेकाठची. ती रस्त्यातच थांबली. "अगं, हा तर फड! आणि हा आमचा पाटकरी!" तिच्या आजोबांच्या गावात आजही बंधाऱ्याचं पाणी फडाच्या नियमांनी वाटतात. तिथेही पाटकरी, तिथेही पाळी, तिथेही पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून. आता बागांना बहुतेक फवाऱ्यांनी पाणी दिलं जातं, पण बरेच वाल अजून वाहतात.

वालाच्या कडेची वाट पायी चालणाऱ्यांसाठी असते. सायकली खाली ठेवून आम्ही चढलो. अर्ध्या तासाने टक्... टक्... टक्... असा आवाज यायला लागला. पाटात एक छोटं लाकडी पाणचक्र फिरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला एक हातोडी उचलून घंटेवर पडत होती. हीच वालाची घंटा. ती वाजते तोवर पाणी वाहतंय. थांबली, की वालरने समजायचं, वर कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला, आणि उठून निघायचं. रात्रीसुद्धा तो त्या आवाजाच्या भरवशावर झोपायचा. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. मैत्रिणीने तो आवाज रेकॉर्ड करून तिच्या वडिलांना पाठवला.

शेवटचा दिवस खरं तर रमतगमतचा. लासजवळ पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे, नाटुर्न्सच्या छोट्या प्रोकुलस चर्चमध्ये झोपाळ्यावर बसल्यासारखा दिसणारा हजार वर्षांहून जुना भित्तिचित्रातला संत, आणि सगळीकडे सफरचंदांची तोडणी, ट्रॅक्टरमागे खोके. राबलांडला 1552 साली सापडलेल्या मैलाच्या दगडाची प्रतिकृती आहे. त्यावर क्लॉडियसने लिहवलंय की वडील ड्रूससने आल्प्स जिंकून हा रस्ता आखला, मी तो पक्का केला, पो नदीपासून डॅन्यूब नदीपर्यंत, 350 मैल. म्हणजे त्यानेही रस्ता नद्यांनीच मोजला होता. तिथून पुढे धरणाच्या भिंतीपाशी एत्श अचानक खाली झेपावते, सायकलवाटही वळणं घेत उतरते, आणि हवेत गरमी येते. मेरानच्या नदीकाठी ताडाची झाडं.

संध्याकाळी तिथल्या बाकावरून आईला फोन केला. सगळं सांगितलं. मनोरा, घंटा, पाट. मग विचारलं, "आई, आजीच्या गावच्या देवळात घंटा होती का गं?"

"होती की. पितळेची, मोठी. गाव उठलं तेव्हा तुझ्या पणजोबांनी ती बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली. आहे अजून. तू लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून वाजवायचीस ती तीच."